स्टोरीवीव्हरवरची मराठी पुस्तकं : वाचन-आकलन शिकवायला कितपत उपयोगी?

मूल घडाघडा वाचतं, पण ‘काय वाचलंस?’ म्हटलं की गप्प. दुसरी ते पाचवी शिकवणाऱ्यांच्या तोंडी ही तक्रार नेहमीची. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर हे आकलन तपासता येत नाही, कारण धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बहुतेकांना पाठ असतात. त्यासाठी मुलाने कधी न पाहिलेला मजकूर लागतो, आणि दर आठवड्याला नवा लागतो. तो मराठीत, फुकट आणि चित्रांसह मिळण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. २०१५ पासून ते चालू आहे. पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून ती छापता, वाटता, बदलता येतात. भाषा मराठी निवडायची, पातळी निवडायची, पुस्तक उतरवून घ्यायचं.

पुस्तकांना चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून मोठा मजकूर. यात बरेच शिक्षक फसतात. पातळी मुख्यतः लांबी आणि वाक्यरचना पाहते, मजकूर समजायला मुलाला आधीपासून काय माहीत असावं लागतं ते पाहत नाही. दीडशे शब्दांची गोष्ट शेवटच्या पानावर सगळं न बोलता सुचवून जाते आणि तिसरीच्या वर्गालाही अडते, तर ओळखीच्या विषयावरचं आठशे शब्दांचं पुस्तक तोच वर्ग सहज पार करतो. म्हणून पातळीचा आकडा पाहून पुस्तक वाटू नका. स्वतः पूर्ण वाचा आणि ‘हे कळायला काय ठाऊक हवं?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

पूर्वज्ञानाचं वजन किती असतं ते रेख्त आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. बेसबॉल चांगलं ठाऊक असलेल्या कच्च्या वाचकांना बेसबॉलवरचा उतारा खेळ न कळणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा जास्त समजला. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी गुऱ्हाळ ठेवून पाहा. काहिल, चुलवाण, मळी, गुळव्या हे शब्द कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या गावच्या पोराला सांगावे लागत नाहीत, शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलाला सांगावे लागतात. वाळवंटातल्या उंटावरच्या पुस्तकात दोघेही परके. स्टोरीवीव्हरवर विषयांची रेलचेल आहे आणि तीच त्याची ताकद. पण अनोळखी विषय असेल तर वाचनाआधी पाच मिनिटं त्यावर बोलणं आणि तीन-चार अडणारे शब्द फळ्यावर घेणं टाळता येत नाही. दहा शब्द घेतले तर तो शब्दार्थाचा तास होतो आणि गोष्ट मागे राहते.

दुसरी अडचण चित्रांची. ती इतकी बोलकी आहेत की मूल मजकूर न वाचता प्रश्नांची बरोबर उत्तरं देतं आणि शिक्षक आकलन झालं समजून पुढे जातात. उपाय सोपा आहे. प्रश्न काढून झाले की ते ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही अशा दोन मुलांना नुसती चित्रं दाखवून विचारा. ज्यांची उत्तरं आली, ते प्रश्न काढून टाका. उरतील ते बहुधा ‘का’ आणि ‘कशावरून’ या जातीचे असतील, आणि तेच हवे आहेत.

छपाईचंही आधी ठरवा. रंगीत प्रिंट वर्गभर परवडत नाही आणि साध्या झेरॉक्सवर गडद चित्रं काळीठिक्कर होतात, वर छापलेली अक्षरं त्यात बुडतात. रेषाचित्रांची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर मजकूर असलेली पुस्तकं झेरॉक्सला चालतात. बाकीच्यांचा मजकूर वेगळा टाइप करून, दुसरीसाठी १८ ते २० पॉइंटच्या अक्षरात, एका कागदावर घ्या आणि चित्रं मोबाइलवर किंवा टीव्हीवर दाखवा. सगळं पुस्तक पडद्यावर दाखवणं सोपं वाटतं, पण पान उलटण्याचा वेग तिथे शिक्षकाच्या हातात जातो. न कळलेल्या ओळीकडे मागे जाऊन पुन्हा वाचणं ही आकलनातली सर्वांत महत्त्वाची सवय, आणि पडद्यावर ती लागतच नाही. निदान दोघांत एक प्रत तरी हातात हवी.

मराठी मजकुरात मुलं कुठे अडतात याची एक ठरलेली जागा आहे : सर्वनामं. ‘ती’ म्हणजे एक मुलगी की बरीचशी पिल्लं? ‘राजूने संजूला त्याची वही दिली’ यात वही कोणाची? ‘आपली’ असतं तर शंका नव्हती. शिवाय मराठीत कर्ता बिनदिक्कत गाळला जातो. वाचता वाचता अशा ठिकाणी थांबून ‘हे कोणाबद्दल?’ विचारा आणि मुलाला बोट ठेवून मागचा शब्द दाखवायला लावा. त्याखालोखाल ‘तरी’, ‘म्हणून’, ‘जरी’ हे जोडशब्द. ‘पाऊस थांबला तरी तो निघाला नाही’ यातला ‘तरी’ निसटला की वाक्य उलटंच कळतं.

भाषेचा आणखी एक मुद्दा कोल्हापूरपुरता महत्त्वाचा. पुस्तकं प्रमाण मराठीत आहेत, मुलं घरी बोलतात वेगळं. ‘लई भ्यालं हुतं म्हणून पळालं’ हे उत्तर आकलन म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. तिथे ‘भ्यालं नाही, घाबरलं म्हण’ अशी दुरुस्ती केली की मूल पुढच्या प्रश्नाला तोंड उघडत नाही. भाषा दुरुस्त करायला वेगळा तास आहे.

मूल अडलं तर आधी कारण शोधा, मग पुस्तक बदला. तोच उतारा मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून कळला पण वाचून नाही, तर घोटाळा अक्षर-जोडाक्षरांत आहे आणि सराव तिथे हवा. ऐकूनही कळला नाही, तर गुऱ्हाळासारख्या ओळखीच्या विषयावर शंभरेक शब्द स्वतः लिहून द्या. ते कळलं तर कमी पडली ती माहिती, तेही नाही कळलं तर शब्दसंपत्ती आणि वाक्यरचनेवर काम करायला हवं. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं अशी मांडणी केली. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही भक्कम असो, हाती काही लागत नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह वाचण्याचं आहे. शब्द घड्याळावर मोजता येतात म्हणून मोजले जातात आणि ‘अर्थासह’ हा भाग राहून जातो, याचं फार वाईट वाटतं.

दर्जा सगळीकडे सारखा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. इथे कोणीही गोष्ट लिहू किंवा भाषांतरित करू शकतं. त्यामुळे प्रथम बुक्सने स्वतः प्रकाशित केलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करा. इतर भाषांतरांत वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळली, तर ते मुलाला देऊ नका. आकलन त्याचं कच्चं नसतं, मजकूरच वाकडा असतो. प्रश्नसंचही स्वतःच करावे लागतात. एका पुस्तकाला सहा प्रश्न पुरेत : दोन मजकुरात थेट सापडणारे, तीन असे, ज्यांचं उत्तर दोन वाक्यं जोडून काढायचं, एक मुलाच्या मताचा, आणि मतापुढे ‘कोणत्या ओळीवरून?’ हवंच.

पुस्तकाची पातळी बदलून नवी आवृत्ती करण्याची सोय मात्र फार कमी शिक्षक वापरतात. आपल्या शाळा-केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) चार शाळांनी मिळून महिन्याला एक पुस्तक असं सोपं करून घेतलं, तर त्याच गोष्टीच्या दोन आवृत्त्या एकाच वर्गात चालतात : मागे असलेल्यांना छोटी, पुढे गेलेल्यांना मूळ, आणि शेवटची चर्चा सगळ्यांची एकत्र.