सकाळी काडेपेटी, दुपारी वाडा : आमच्या स्टेशन बसबद्दल

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन संध्याकाळच्या फेऱ्यांचे, अर्धा ड्रायव्हर पोरांचा. सकाळच्या फेरीला देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून द्याल. मी बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होतो. २०१९ साली रिटायर झालो. त्याच वर्षी जुलैत बेस्टचं कमीत कमी तिकीट ८ रुपयांवरून ५ वर आलं. जन्मभर सुट्ट्यावरून भांडलो आणि पाचाच्या सरळ नाण्याचे दिवस आले तेव्हा माझी पिशवी जमा झालेली! आता मुलाकडे खाडीपल्याड राहतो. इथल्या बससेवेचं नाव लिहीत नाही. डेपोतल्या पोरांबरोबर रोजचा चहा असतो, उगाच कोणाला नोटीस नको.

रूट साधा आहे. वसाहतीतून निघायचं, मधे शाळा, भाजी मार्केट, सरकारी दवाखाना आणि मग स्टेशन. साडेचार किलोमीटर. गाड्या दोन जातीच्या. एक सात मीटरची मिनी, बसायला २१ जागा. दुसरी बारा मीटरची, लांबलचक, दोन दरवाज्यांची. सकाळी आठच्या सुमाराला येते मिनी. दुपारी दीडला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा, येते ती बारा मीटरची.

सवय जात नाही, म्हणून तीन दिवस माणसं मोजली. आठ दहाच्या फेरीला एकदा ४३, एकदा ४१, तिसऱ्या दिवशी मोजायला मान वळेना. दुपारच्या मोठ्या गाडीत आम्ही नऊ जण. त्यातला एक झोपलेला.

मिनीत गर्दी झाली की नुसती दाटी होत नाही, गाडीच चालत नाही. दरवाजा एकच. शाळेच्या थांब्यावर दोन बायका उतरायच्या असल्या तर दारातली सहा माणसं आधी खाली उतरतात, बायका उतरतात, मग ती सहा आणि नवी चार वर चढतात. घड्याळ लावून बघितलं, एका थांब्यावर दीड मिनिट. मोठ्या गाडीत एका दाराने चढा, दुसऱ्याने उतरा, वीस सेकंदांत डबल घंटी. असे सात थांबे धरा. लोकल चुकते ती इथे, आणि शिव्या खातो ड्रायव्हर. कंडक्टर पोरगा परवा मला म्हणाला, "काका, जरा मागे सरका ना." म्हटलं, "राजा, मागे असतं तर सरकलो असतो."

मग हे उलटं का लावलंय? चहावर कळलं. दिवसभराची तिकिटं एकत्र करून फेऱ्यांनी भागली की आकडा येतो अर्ध्या गाडीचा. कागदावर हा रूट मिनीचा ठरतो. पण सरासरीत बसून कोणी स्टेशनला जात नाही. माणूस सकाळच्या त्या दीड तासातच जातो. त्या वेळी मोठ्या गाड्या हायवेच्या रूटवर असतात, ते मला पटतं, तिथेही गर्दी आहेच. अकरानंतर त्या मोकळ्या होतात. ड्रायव्हरचे आठ तास तर भरायचे, म्हणून दुपारी त्यांना आमच्याकडे सोडतात. म्हणजे आमची दुपारची गाडी आमच्यासाठी नसतेच.

आता लहान गाडीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. संध्याकाळी पाचपासून हीच मिनी मार्केटच्या आतल्या गल्लीतून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते, दर पंधरा मिनिटांनी. पूर्वी तिथे मोठी गाडी होती. ती गणपतीच्या देवळापाशी वळायचीच नाही, मेन रोडवर उतरवून द्यायची, तेही पाऊण तासाने एकदा. गुडघेदुखीवाल्या माझ्या बायकोला तिथून दवाखाना म्हणजे पंढरीची वारी. आता फाटकात उतरते. पंधरा मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक बघावं लागत नाही, घरातून निघायचं आणि उभं राहायचं. या दोन तासांसाठी दोन तारे मनापासून.

फरक इतकाच की संध्याकाळी गाडी लहान केली तेव्हा फेऱ्या वाढवल्या. सकाळी नुसती लहान केली. साहेब लोकांना वाटतं गाडी निम्मी म्हणजे खर्च निम्मा. अहो, गाडी सात मीटरची असो की बारा, स्टिअरिंगवर एक पूर्ण पगार बसतो आणि तिकिटाच्या मशीनमागे दुसरा. वाचतं ते थोडं इंधन. हा हिशेब मी डबलडेकरवर शिकलो. तिला कंडक्टर दोन लागायचे, एक वर, एक खाली, म्हणून ती महाग म्हणायचे. पण अंधेरीहून सीप्झला सकाळी भरलेली डबलडेकर सुटली की खालचा स्टॉप एका झटक्यात साफ व्हायचा, आणि रस्त्यावर जागा एकाच गाडीची अडायची. १९३७ पासून धावलेल्या दुमजली गाड्यांपैकी डिझेलच्या शेवटच्या १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या. त्या दिवशी लोकांनी हार घातले. मी गेलो नाही, पाय निघाला नाही.

मोठ्या गाडीबद्दल थोडं. फ्लोअर खाली आहे, चढायला सुख. पण शाळेपुढच्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं, तो आवाज दातात जातो. एसी चालू असतो. दुपारी नऊ माणसांना थंडी वाजते.

डेपोत अर्ज दिलाय : सकाळी साडेसात ते नऊ एक मोठी गाडी इकडे द्या, नाहीतर त्याच मिनी वीसऐवजी दहा मिनिटांनी सोडा. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, वर म्हणाला, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?"

तुम्ही या रूटने जाणार असाल तर सकाळी वसाहतीच्या फाटकावर उभे राहू नका. एक स्टॉप मागे पाण्याच्या टाकीपाशी चालत जा, गाडी तिथून सुटते आणि जागा मिळते. पण डाव्या बाजूची, चाकावरची सीट घेऊ नका. गुडघे हनुवटीला लागतात.