रेस्टॉरंटमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता: सुरुवात भटारखान्यापासून करावी की टेबलापासून?

रेस्टॉरंट चालवणाऱ्यांपुढे आज कृत्रिम बुद्धिमत्तेची दोन प्रकारची साधने आहेत. एक प्रकार पाहुण्याच्या नजरेआड राहतो: उद्या किती गर्दी होईल याचा अंदाज बांधणे, कच्चा माल किती मागवायचा आणि कोणत्या पाळीला किती माणसे लागतील हे सुचवणे, वाया जाणाऱ्या अन्नाची नोंद ठेवणे. दुसरा प्रकार थेट पाहुण्याशी बोलतो: फोन घेतो, टेबल राखून ठेवतो, ऑर्डर घेतो, मेन्यूविषयीच्या शंकांना उत्तरे देतो. या दोहोंचा अगत्यावर होणारा परिणाम अगदी वेगळा आहे. ज्यांना दोहोंपैकी एकच आधी घेणे शक्य आहे त्यांनी भटारखान्यापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण म्हणजे चूक झाली तर ती कोणाला भोगावी लागते. अंदाज चुकला, तर एखादा जिन्नस उरतो किंवा कमी पडतो. अनुभवी शेफ सकाळी यादीवर नजर टाकतो, आकडा खोडतो आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑर्डर चुकली, तर ती पाहुण्याच्या ताटात दिसते. मॅकडॉनल्ड्सने 2021 पासून आयबीएमसोबत गाडीत बसून ऑर्डर देण्याच्या मार्गिकेवर आवाज ओळखणारी यंत्रणा वापरून पाहिली. शंभराहून अधिक ठिकाणी चाललेला हा प्रयोग 2024 च्या जुलैमध्ये थांबवण्यात आला. आवाजी ऑर्डरचा मार्ग कंपनीने कायमचा सोडलेला नाही, हेही नमूद करायला हवे. परंतु इंजिनाची घरघर, निरनिराळे उच्चार, मागच्या सीटवरून मध्येच बोलणारी मुले आणि वाक्य अर्धे झाल्यावर बदललेला विचार, हे सगळे माणसाचा कान जितक्या सहज निवडून घेतो तितके यंत्राला अजून जमत नाही.

भटारखान्यातील साधनांनाही मर्यादा आहेतच. गर्दीचा अंदाज जुन्या विक्रीच्या नोंदींवर उभा असतो. ज्याचे दुकान नवे आहे किंवा ज्याने वर्षभराची बिले नीट जपलेली नाहीत, त्याला हे साधन फारसे काही सांगू शकणार नाही. वाया जाणाऱ्या अन्नाची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. यातील काही साधनांत कचऱ्याच्या डब्याखाली वजनकाटा आणि वर कॅमेरा असतो. काय आणि किती टाकले गेले हे आठवड्याच्या शेवटी समोर आले, की कोणता पदार्थ जास्त शिजतो आहे यावर वाद घालावा लागत नाही.

पाहुण्याशी बोलणाऱ्या साधनांपैकी फोन घेणाऱ्या साधनाला मी वेगळे स्थान देतो. ऐन गर्दीच्या वेळी दाराशी एक कुटुंब उभे असते, व्यवस्थापकाने फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरलेला असतो, एका हाताने तो कुटुंबाला थांबण्याची खूण करतो आणि दुसऱ्या हाताने वहीत वेळ लिहितो. अशा वेळी दोघांचेही स्वागत अर्धवट होते. फोन यंत्राने घेतला, तर दाराशी उभ्या असलेल्यांना पूर्ण माणूस मिळतो. मात्र आपण यंत्र आहोत हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. 2018 मध्ये गुगलने माणसासारख्या आवाजात फोनवर बोलणाऱ्या आपल्या ड्युप्लेक्स या यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा ऐकणाऱ्याला समोर यंत्र आहे हे कळत नसल्याबद्दल टीका झाली आणि ओळख सांगण्याची ग्वाही कंपनीला द्यावी लागली. शिवाय, मागितल्याबरोबर माणूस फोनवर येईल अशी सोय हवी.

अ‍ॅलर्जीविषयीच्या प्रश्नांत मात्र तडजोड नको. युरोपीय संघाच्या नियमांत अ‍ॅलर्जी देणाऱ्या 14 घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. अशा यंत्रामागचे भाषेचे मॉडेल, म्हणजे शब्दाला शब्द जोडून मजकूर तयार करणारी प्रणाली, पटेल असे वाक्य रचते. आज सकाळी भटारखान्यात एक जिन्नस बदलला, हे कोणी नोंदवल्याशिवाय त्याला कळत नाही. अशा प्रश्नावर यंत्राने शेफला बोलवावे, उत्तर देऊ नये. यंत्र बोलले म्हणून जबाबदारीही टळत नाही: 2024 मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल त्या कंपनीलाच जबाबदार धरले.

दुसरे आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे वाचलेला वेळ कुठे जातो. वाऱ्याच्या झोतामुळे खुर्ची सरकवणारा पाहुणा, मेन्यू लांब धरून अक्षरे जुळवणाऱ्या आजी, बराच वेळ चमचा खाली ठेवून बसलेला एकटा माणूस, हे सगळे ज्या वेटरला दिसते तोच अगत्य करू शकतो, आणि ते दिसायला त्याची नजर मोकळी असावी लागते. साठा मोजण्यात जाणारा अर्धा तास वाचला आणि तो टेबलांपाशी खर्च झाला, तर पाहुणचार वाढतो. त्याच बचतीच्या आधारे दोन वेटर कमी केले, तर साधन कितीही चांगले असले तरी विचारपूस करायला कोणी उरत नाही.

साधन घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: माणसाच्या हाताशिवाय किती कामे पूर्ण होतात? अमेरिकेच्या रोखे नियामकाने 2025 च्या जानेवारीत प्रेस्टो या कंपनीविरुद्ध दिलेल्या आदेशात, तिच्या आवाजी यंत्रणेतील बहुतांश ऑर्डरना माणसांचा हस्तक्षेप लागत होता, असे म्हटले आहे. हा आकडा लेखी मागावा, त्यानंतर एकाच पाळीत महिनाभर साधन वापरून पाहावे आणि रोज रात्री गल्ला बंद करताना वेटरांना विचारावे की आज टेबलापाशी थांबायला किती वेळ मिळाला.