एकाच नावाचे दोन ‘इनोसंट्स’: पावसाळ्यात पडवीत कुठला लावाल?

‘द इनोसंट्स’ शोधलात की दोन सिनेमे समोर येतात. एक १९६१चा, जॅक क्लेटनचा, इंग्रजी, कृष्णधवल, साधारण १०० मिनिटांचा. दुसरा २०२१चा, नॉर्वेच्या एस्किल फोग्टचा, ११७ मिनिटांचा. लावण्याआधी साल बघून घ्या, कारण अंगात शक्ती असलेली मुलं फक्त नव्यात आहेत. जुन्यात भुतं मुलांना धरतात की सगळा त्यांच्या शिक्षिकेच्या मनाचा खेळ आहे, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

नव्यात मात्र शंकेला जागा नाही. इडा ही लहान मुलगी हातातलं बाटलीचं बूच सोडते आणि ते सरळ खाली न पडता बाजूला उडतं, तिचा सवंगडी बेननं नुसतं मनात आणलं म्हणून. ऑस्लोजवळच्या उंच इमारती, शेजारी रान, लख्ख उन्हाळा, आणि मोठ्या माणसांना कशाचाही पत्ता नाही. इडा आपल्या स्वमग्न बहिणीच्या बुटात काचांचे तुकडे टाकते. तेव्हा इडाकडे कसलीच शक्ती नसते. माझ्या मते सिनेमाचा जीव इथे आहे: क्रौर्य आधीच होतं, शक्ती नंतर आली. आणि पाहताना शेजारपाजारची मुलं आठवतात, म्हणून तो जास्त छळतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पहिल्याच तासात मांजराला मारण्याचा प्रसंग आहे, तोही लांबलचक. घरात मांजर असेल, लहान मुलं माजघरात जागी असतील, तर हा लावूच नका.

आता प्रोजेक्टरचं. प्रोजेक्टर काळा रंग पाडत नाही, तो फक्त उजेड टाकतो. पडवीत एक बल्ब जळत राहिला तरी काळ्याचं करडं होतं. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसनं १९६१च्या सिनेमात फिल्टर रंगवून चौकटीच्या कडा मुद्दाम काळोख्या केल्यात. चुन्याच्या भिंतीवर ते सगळं वाया जातं. तो रुंद चौकटीचा आहे, म्हणजे सहा फुटी चादरीवर चित्र जेमतेम अडीच फूट उंच येतं. सुरुवातीला पडदा काळाच असतो आणि मुलीचं गाणं ऐकू येतं. बिघाड समजून केबल हलवू नका. हा टीव्हीवर, सगळे दिवे घालवून पाहावा. तळ्याच्या लव्हाळ्यात दिवसाउजेडी उभी असलेली ती बाई! भर दुपारी पाणंदीनं एकट्यानं जाऊ नये असं ऐकत वाढलेल्या माणसाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

नवा उजेडातला असल्यामुळे साध्या प्रोजेक्टरवरही टिकतो. पण भाषा नॉर्वेजियन. उपशीर्षकं तळाशी येतात, म्हणून चादरीची खालची कड ताणून बांधा आणि पुढच्यांना जमिनीवर बसवा. आवाजही बारीक आहे. पत्र्यावर आषाढातली सर आली की शांततेतली भीती ऐकूच येणार नाही. कौलांखाली थोडं बरं.

वीज दगा देणारच असेल, तर १९६०चा ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ ७७ मिनिटांत आटोपतो. सोनेरी केसांची मुलं, मन वाचणारी. सरळ गोष्ट, पण खोली कमी. त्यातला मुलगा डेव्हिड आणि १९६१च्या ‘इनोसंट्स’मधला मुलगा माइल्स, दोन्ही मार्टिन स्टीफन्सनेच केलेत.

मोठी माणसं, कौलारू घर आणि पाऊस उघडलेला असेल, तर २०२१चाच लावा.