वाडीतले गॅरेज : हूक लावण्याआधी काट्यावर नेणारे

अमरावती मार्गावरील वाडी हे नागपूरच्या मालवाहतुकीचे ठाणे आहे. ट्रान्सपोर्टची कार्यालये, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बदलणारी गॅरेजेस, टायरची दुकाने आणि मोठे वजनकाटे तेथे एकमेकांना लागून आहेत. याच भागातील एका गॅरेजमध्ये पिकअपला हूक बसवून ती कॅराव्हॅन ट्रेलरशी जुळवून देण्याचे काम होते. हे काम तेथे ज्या क्रमाने केले जाते, तो क्रम मला इतका योग्य वाटला की त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पेंच, ताडोबा आणि चिखलदरा इतक्या जवळ असताना नागपूरकरांना मागे ट्रेलर जोडून सहकुटुंब निघावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गाडी आणि ट्रेलर एकमेकांना झेपतात का, हे नेमके सांगणारी जागा सहज सापडत नाही.

आमच्याकडे दुहेरी केबिनची फोर बाय फोर डिझेल पिकअप आहे आणि ट्रेलर एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा, चार जणांची झोपण्याची सोय असलेला आहे. वाडीला जाण्यापूर्वी शहरातील एका ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली होती. तेथे ट्रेलरचे वजन किती, त्याला स्वतःचे ब्रेक आहेत का, गाडीत माणसे किती बसणार, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. ‘डिझेल गाडी आहे, काहीही ओढेल’ एवढ्या आश्वासनावर दुसऱ्याच दिवशी हूक बसवून देण्याची तयारी दाखवण्यात आली. वाडीतील मिस्त्रींनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, “ताई, ओढते किती थे मंग पाहू. आंदी पाठीवर किती टाकता थे सांगा जी.”

माझ्या मते या विषयाचे सगळे मर्म या प्रश्नात आहे. ओढण्याच्या ताकदीची चर्चा सर्वत्र होते, कारण ते आकडे आकर्षक असतात. टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, ५०० न्यूटन-मीटर आहे, इसुझू व्ही-क्रॉसचा ३६० आहे. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर हायलक्सला स्वतःचे ब्रेक असलेला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे, हेही अनेकांच्या तोंडी असते. तो आकडा त्या देशात विकल्या जाणाऱ्या गाडीचा, तिच्या हुकाचा आणि तिथल्या नियमांचा आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आणि नोंदणीपत्रात जे लिहिले आहे त्याची जागा तो घेऊ शकत नाही. शिवाय प्रत्यक्षात ओढण्याची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी दुसरीच मर्यादा संपते, ती म्हणजे पिकअपने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यावे याची. ट्रेलरची दांडी हुकावर जो भार टाकते तो पिकअपच्या दृष्टीने सामानच असतो, आणि तो माणसांच्या व सामानाच्या हिशेबात धरावाच लागतो.

गॅरेजमधला एक माणूस आमच्यासोबत गाडी घेऊन जवळच्या काट्यावर आला. पहिले वजन टाकी भरलेल्या, मागच्या हौद्यावर कॅनपी (छताचे झाकण) असलेल्या, पण आत कोणी न बसलेल्या पिकअपचे झाले. ते २,३१० किलो भरले. आरसीवर नोंदवलेले कमाल वजन २,८५० किलो. म्हणजे हाताशी उरले ५४० किलो. आम्हा चौघांचे मिळून २८० गेले. हौद्यात ठेवायचे जनरेटर, पाण्याचे कॅन, खुर्च्या, अवजारे वगैरे १५० झाले. उरले ११०. त्यानंतर नेहमीप्रमाणे भरलेला ट्रेलर काट्यावर घेतला, तो १,३८० किलो निघाला. विक्रेत्याच्या कागदावर १,०५० लिहिले होते, कारण तो आकडा गॅसची टाकी, बॅटरी, भांडीकुंडी आणि पाणी यांच्याविना असतो. शेवटी ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चार चाके काट्यावर उभी केली आणि ट्रेलरची चाके खाली ठेवली. आधीच्या आणि आताच्या वजनातला फरक १७० किलो आला. हाच दांडीचा भार. उरलेले ११० आणि वर आलेले १७०, म्हणजे आमची गाडी ६० किलोंनी जास्त भरलेली होती, आणि तरीही इंजिनाला तो ट्रेलर सहज ओढता आला असता. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही कळले नसते.

दांडीवर भार कमी ठेवून हा प्रश्न सुटेल असे कोणाला वाटेल. पण तो मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. बैलगाडी मागे जड भरली की ती उलाळ होते, तसाच मागे जड भरलेला ट्रेलर दांडीवरून हलका होतो आणि वेगात असताना डोलू लागतो. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असे मानतात. युरोपातील हलक्या कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्क्यांचा संकेत आहे, पण तेथे ट्रेलरची रचना आणि वेगमर्यादा दोन्ही वेगळ्या आहेत. या गॅरेजमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास भार धरून चालतात आणि आमच्या ट्रेलरची मापे पाहता मला ते पटले.

उपाय त्यांनी सामानातूनच काढला. ५० किलोचा जनरेटर आणि ४० लिटर पाणी हौद्यातून काढून ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवायला लावले. ट्रेलर १,४७० किलोंवर गेला, जे त्याच्या १,५०० च्या मर्यादेच्या आत आहे; दांडीचा भार १८० झाला, पण हौद्यातले सामान ६० वर आल्याने पिकअपकडे २० किलोंची सवड राहिली. ही सवड थोडी आहे, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. पाचवा माणूस किंवा वरच्या कॅरिअरवर आणखी एक पेटी या जोडीला चालणार नाही.

दुसरी गोष्ट, जी मी इतर कोणत्याही गॅरेजमध्ये पाहिलेली नाही, ती म्हणजे पुढच्या चाकांचे वेगळे वजन. ट्रेलर ज्यावर अडकतो तो हुकाचा गोळा मागच्या ॲक्सलच्या सुमारे १.३ मीटर मागे असतो आणि दोन ॲक्सलमधले अंतर सुमारे ३.१ मीटर आहे. त्यामुळे हुकावर १७० किलो टेकले की मागच्या ॲक्सलवर जवळजवळ २४० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ७० किलो कमी होतात. काट्यावर केवळ पुढची चाके घेऊन हा फरक आम्हाला दाखवण्यात आला. स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा मोठा भरवसा पुढच्या चाकांवर असतो. ती हलकी झाली की पावसात वळण घेताना आणि जोरात ब्रेक मारताना गाडी ऐकत नाही. मागून बसलेली गाडी वर उचलण्यासाठी जादा पाटा टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि या गॅरेजचा मूळ धंदाच पाट्यांचा असल्यामुळे तो टाकून देणे त्यांच्या फायद्याचे होते. तरीही त्यांनी नकार दिला. पाटा वाढवल्याने गाडी सरळ दिसते, पण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात, आणि नोंदणीतली मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. आपला गल्ला बाजूला ठेवून दिलेल्या या सल्ल्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हुकाचे काम नीटनेटके आहे. तो बंपरला न जोडता चॅसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवला जातो. जोडणीपूर्वी मिस्त्रींनी गोळ्यावरचे ग्रीस फडक्याने पुसून वर कोरलेला ५० (मिलिमीटर) हा आकडा मला वाचायला लावला आणि मग ट्रेलरच्या कपलरवरचा, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या टोपीवरचा, आकडाही वाचून घेतला. इंची मापाचा पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा गोळाही बाजारात मिळतो. त्यावर ५० चा कपलर वरून बसल्यासारखा दिसतो, पण खड्ड्यात उसळला की निसटू शकतो. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावल्या जातात, जेणेकरून कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी. ट्रेलर पूर्ण तुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी वेगळी तार असते. ती साखळीला न बांधता गाडीच्या चॅसिसला स्वतंत्र अडकवली जाते.

आमच्या ट्रेलरचे ब्रेक दाबाचे आहेत, म्हणजे पिकअप मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि आपल्याकडील प्रत्येक ग्राहकाने हीच रेषा स्वतःहून पाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. दाबाच्या ब्रेकची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पिकअप सतत ब्रेकवर ठेवली तर ट्रेलरही सतत रेटत राहतो, त्याचे ड्रम तापतात आणि पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर उतरवायची. चाचणीसाठी गॅरेजच्या माणसाने आम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेले, वेगवेगळ्या वेगांवर ब्रेक मारून पाहायला लावले आणि ट्रेलर डोलू लागला तर काय करायचे हे नीट समजावले : पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे, उलटसुलट फिरवायचे नाही आणि पिकअपचा ब्रेक जोरात दाबायचा नाही.

समृद्धी महामार्गावर हा सल्ला विशेष मोलाचा ठरतो. सरळ, सिमेंटचा, मोकळा रस्ता वेगाला उद्युक्त करतो, आणि बाजूने जाणारी मोठी बस ट्रेलरला आधी बाहेर ढकलते आणि मग आपल्याकडे ओढते. वेग ८० वरून १०० केला तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. आम्ही ट्रेलर जोडलेला असताना ८० च्या वर जात नाही.

टायरविषयी त्यांची तपासणी कडक आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ती तशीच असायला हवी. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमच्या ट्रेलरच्या एका टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण तारीख जुनी आणि कडेला बारीक चिरा होत्या. तो बदलल्याशिवाय जोडणी करून देणार नाही असे त्यांनी सांगितले. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना भरायचा, हेही बजावले.

दिव्यांची जोडणी ठीकठाक आहे आणि ट्रेलरच्या रुंदीपलीकडचे दिसावे म्हणून लावायचे जादा आरसे दुसऱ्या दुकानातून आणावे लागतात. काम सुरू करण्यापूर्वी ते ट्रेलरचे नोंदणीपत्र आणि विमा पाहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच धरलेला आहे, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते.

उणिवाही सांगायला हव्यात. काट्यावर ट्रकची रांग असते, त्यामुळे वजनांसाठी अख्खी सकाळ जाते. पहाटे लवकर गेलेले बरे. बसायला सावलीची नीट जागा नाही, लहान मुलांना सोबत नेऊ नये. वजनाच्या पावत्या काट्याच्या असतात, पण गॅरेजकडून हिशेबाचा कागद मिळत नाही. मिस्त्री सगळे तोंडी सांगतात आणि खडूने फरशीवर मांडतात. एवढे काटेकोर काम करणाऱ्यांनी ग्राहकाच्या हाती पाच ओळींचा कागद द्यायलाच हवा : गाडीची मर्यादा, प्रत्यक्ष वजन, ट्रेलरचे वजन, दांडीचा भार आणि उरलेली सवड. तूर्त तो मी स्वतः लिहून सूर्यपटाच्या (सन व्हायझरच्या) मागे चिकटवला आहे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर हुकाचे बोल्ट पुन्हा आवळून घेण्यासाठी गेले तेव्हा त्याची एक प्रत त्यांनाही दिली. बोल्ट आवळण्याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.