कॅरो-कान की सिसिलियन? नोकरी करून खेळणाऱ्यानं काय धरावं

भावा, बुद्धिबळात काळ्यानं कुठली ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, धरायची ते सरळ सांगतो, समोरच्या पांढऱ्यानं ई४ टाकलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं केलं, की तुझ्यासारख्यानं कॅरो-कानच धरावी. मी दोन वर्षं सिसिलियन (ई४ ला सी५) घासली, तिच्यातल्या नायडॉर्फ प्रकाराच्या लायनी पाठ केल्या, फिशर आणि कास्पारोव्ह हे जगज्जेते खेळायचे म्हणून, आणि रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत पटावर बसलो की निम्मी पोरं दुसऱ्याच चालीला सी३ करून अलापिन नावाची वेगळीच वाट धरणार नायतर स्मिथ-मोरा गॅम्बिटमध्ये मुद्दाम प्यादं सोडून अंगावर येणार. सगळं पाठांतर गेलं पंचगंगेत.

तरी सिसिलियनला नावं ठेवत नाही. काळ्यानं जिंकायलाच खेळायचं असेल तर तीच, सी पट्टी (सी ची उभी ओळ) अर्धी उघडते, हत्तीला कामाला लावता येतं. पण पांढऱ्यानं वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून (राजा हत्तीच्या आड नेऊन) जी४ प्यादं ढकललं की तिथून पुढं दुसऱ्याच्या राजापर्यंत कोण आधी पोचतंय एवढंच उरतं, आणि दिवसभर ऑफिस करून आलेल्या डोक्यानं एक चाल जरी ढिली पडली तरी कार्यक्रम झाला.

कॅरोत सी६, मग डी५, आणि पांढऱ्या घरातला उंट ई६ करायच्या आधीच बाहेर. एवढं कळलं की निम्मं काम झालं, बाकी आठवलं नाही तरी डाव मोडत नाही. बोटविनिकनं १९६० आणि ६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत टालसारख्या तुफान हल्ले चढवणाऱ्या माणसापुढं हीच लावली होती, त्यामुळं ही भित्र्यांची ओपनिंग असं कोण म्हणालं तर हसायचं. हां, कधीकधी खासबागेत दोन पैलवान नुसते हात झटकत फिरतायत असा डाव होतो, कंटाळा येतो, ते मान्य.

फक्त दोन जागी जप. पांढऱ्यानं ई५ केलं, तू उंट एफ५ वर काढलास आणि त्यानं एच४ केलं, तर लगेच ई६ नको. जी४, एफ३, एच५ असं करत तो उंट कोंडून मारतो. एच५ नायतर एच६ करून घे.

दुसरी जागा मी स्वतः खाल्लीय. प्याद्यांची मारामारी होऊन त्याचा घोडा ई४ वर आला, चौथ्या चालीला मी घोडा डी७ वर ठेवला, त्यानं वजीर ई२ वर आणला, मला वाटलं काय येडी चाल आहे, आणि दुसरा घोडा एफ६ वर काढला. त्याचा घोडा डी६ वर, मात. ई७ चं प्यादं वजिरानं बांधलेलं, हललं तर माझ्याच राजाला शह, म्हणून घोडा मारता येत नाही. सहा चाली. समोरचं पोरगं सातवीतलं, घोडा ठेवला आणि पाणी प्यायला उठून गेलं.