मिम्बनचं धुकं की थ्रॉनचा डाव? ‘स्टार वॉर्स’चं आधी कोणतं पुस्तक घ्याल?

‘स्टार वॉर्स’चे मूळ तीन सिनेमे पाहून झालेत, मन भरलेलं नाही आणि पुढची गोष्ट आता पुस्तकात वाचायचीय. अशा वेळी दुकानातलं कपाट बघून माणूस गांगरतो, कारण या मालिकेवरच्या कादंबऱ्या ढिगाने आहेत. माझ्या भाच्याचं गेल्या महिन्यात हेच झालं. त्याने दोन नावांपर्यंत मजल मारली होती: ॲलन डीन फॉस्टर यांचं ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ (1978) आणि टिमथी झान यांचं ‘एअर टू द एम्पायर’ (1991). फोनवर एकच प्रश्न, “मामा, आधी कोणतं?”

दोन्ही एकाच मालिकेची असली तरी ती लिहायला बसण्यामागची कारणं अगदी उलटी होती, आणि निवड करताना तेच आधी कळायला हवं.

फॉस्टर यांनी पहिल्या सिनेमाची कादंबरी लिहिली होती, म्हणजे मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचं आणि लेखणी यांची. त्याच करारात पुढचं पुस्तकही होतं. तेव्हा सिनेमा पडद्यावर यायचा होता आणि तो चालेल की आपटेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बेताचाच चालला, तर दुसरा भाग स्वस्तात उरकता यावा म्हणून हाताशी एक गोष्ट तयार असावी, असा हिशोब होता. म्हणून कथा धुक्याने भरलेल्या एकाच ग्रहावर घडते. धुकं असलं की मागचा सेट उभारावा लागत नाही! सुरुवातीला अंतराळातली एक लढाई होती, तीही खर्चिक म्हणून काढायला लावली. सिनेमातला दुसरा नायक हॅन सोलो तर नावालाही नाही, कारण हॅरिसन फोर्डने पुढच्या सिनेमासाठी सही केलेली नव्हती. मग 25 मे 1977 ला सिनेमा लागला, त्याने जे काही केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि काटकसरीची ही गोष्ट सिनेमाऐवजी नुसतं पुस्तक म्हणून बाहेर आली.

हे माहीत असलं की पुस्तक वाचायला मजा येते. सिनेमाचा नायक ल्यूक आणि राजकन्या लेया मिम्बन नावाच्या दलदलीच्या ग्रहावर कोसळतात. तिथे साम्राज्याची खाण आहे आणि खाणकामगारांची बकाल वस्ती. दोघं खाणकामगारांचे कपडे घालून वस्तीत शिरतात. लेयाने ल्यूकची मोलकरीण असल्याचं सोंग घ्यायचं ठरतं, पण राजकन्येला मोलकरणीसारखी मान खाली घालणं कुठे जमतंय? ल्यूक सोंग निभावायला तिला थप्पड मारतो, ती चिडते आणि शेवटी दोघं चिखलात लोळत मारामारी करतात. भोवती खाणकामगार जमतात, कुस्तीच्या फडाला जमावेत तसे. पुढे हाला नावाची एक चक्रम म्हातारी भेटते. तिच्याकडे कायबर नावाच्या शक्तिशाली स्फटिकाचा एक कपचा असतो आणि बाकीचा स्फटिक शोधायला सगळे निघतात. शेवटाकडे खलनायक व्हेडर येतो, आणि त्याच्यासमोर लाइटसेबर, म्हणजे उजेडाची तलवार, घेऊन आधी उभी राहते ती लेया. सिनेमात हे कधीच बघायला मिळालं नाही. या एका प्रसंगासाठी मी पुस्तकाची बरीच पापं माफ करतो.

त्यातलं सर्वांत मोठं पाप खरं तर लेखकाचं नाहीच. ल्यूकची लेयावर नजर आहे आणि ती पानोपानी जाणवते. तिचं रूप, तिचा स्पर्श, त्याची धडधड. ही दोघं जुळी भावंडं असल्याचं सिनेमाने 1983 मध्ये सांगितलं. फॉस्टर यांनी लिहिलं तेव्हा तसं काही ठरलेलंच नव्हतं. आज मात्र वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो काही चांगला काटा नव्हे.

झान यांची परिस्थिती वेगळी. तिसरा सिनेमा येऊन आठ वर्षं झाली होती आणि नवा सिनेमा कुठेच दिसत नव्हता. बजेटची काळजी नाही, नटांच्या सह्यांची नाही. आपल्या हातून गोष्ट पुढे सरकतेय याची जाणीव या पुस्तकाला आहे. सम्राट मेल्याला पाच वर्षं झालीत. बंडखोरांचं आता सरकार झालंय आणि सरकार झालं की जे होतं ते सगळं सुरू आहे: बैठका, रुसवेफुगवे, एकमेकांचे पाय ओढणं. लेयाला दिवस गेलेत, जुळी आहेत. पहिल्याच काही पानांत ल्यूक राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून हॉट चॉकलेट पितो. त्याचा मित्र लँडोने त्याला ही चटक लावलेली. काही वाचकांना हे खटकतं, दूरच्या आकाशगंगेत हॉट चॉकलेट कसलं म्हणून. मला तो ल्यूक फार आवडतो. युद्ध संपलंय, झोप येत नाही आणि हातात गरम मग आहे.

आणि समोर थ्रॉन. निळी कातडी, लाल डोळे, पांढरा गणवेश. साम्राज्याच्या उरल्यासुरल्या फौजेचा हा सेनापती शत्रूच्या जमातीची चित्रं आणि शिल्पं बघत बसतो आणि त्यावरून ती जमात लढताना कुठे गडबडेल हे ओळखतो. सुरुवातीलाच एलोमिन जमातीची जहाजं चालून येतात. त्यांच्या कलेवरून थ्रॉनला कळतं की ज्या हल्ल्याला ठरीव आकार नाही, तो त्यांच्या डोक्यात बसणार नाही. तसाच हल्ला तो करतो, आणि शेजारी उभा असलेला कॅप्टन पेलिऑन बघत राहतो. चित्रावरून इतकं कळतं का? बहुधा नाही. पण वाचताना मी दर वेळी मान डोलावतो. ‘फोर्स’ ही गूढ शक्ती वापरणाऱ्या जेडाय योद्ध्यांवर त्याने शोधलेला उपायही असाच: झाडाला चिकटून राहणारा पालीसारखा एक प्राणी, ज्याच्या आसपास ‘फोर्स’ चालतच नाही. तो पाठीवर बांधून हिंडायचं. व्हेडरने गळा आवळला असता, हा पाल बाळगतो.

सम्राटाची एकेकाळची हस्तक मारा जेड इथलीच आणि कोरुसांट हे राजधानीचं नावही इथलंच. सिनेमांनी ते नंतर उचललं. उलट क्लोन युद्धांबद्दल झान यांनी बांधलेला अंदाज 2002 च्या सिनेमाने साफ खोटा ठरवला, तेवढी पानं डोळे झाकून वाचावी लागतात. लेयावर पुन्हा पुन्हा होणारे अपहरणाचे प्रयत्नही एका मर्यादेनंतर कंटाळवाणे होतात.

खरी अडचण अशी की ‘एअर टू द एम्पायर’ एकट्याने संपत नाही. शेवटच्या पानावर गोष्ट ऐन रंगात असते, म्हणजे 1992 आणि 1993 चे पुढचे दोन खंडही घ्यावे लागतात. खिसा आणि वेळ दोन्ही बघून ठरवा. फॉस्टर दोनेकशे पानांत आटोपतात, शनिवार-रविवारचं काम. भाषेचं मात्र उलटं. झान यांचं इंग्रजी सरळ, वाक्यं तुटक, संवाद भरपूर. फॉस्टर यांना अवघड शब्दांची हौस आहे, त्यामुळे पुस्तक बारीक असूनही शब्दकोश जवळ लागतो. झान घेणार असाल तर शक्य झाल्यास 2011 ची आवृत्ती शोधा. त्यात लेखकाने स्वतः टिपा दिल्यात आणि त्या गोष्टीइतक्याच गमतीदार आहेत.

“पण मामा, हे अधिकृत धरतात का?” नाही, दोन्ही नाही. डिस्नेने 2012 मध्ये लुकासफिल्म घेतली आणि 2014 मध्ये जुन्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ या पाटीखाली बाजूला काढल्या. थ्रॉनला मात्र बाहेर ठेवता आलं नाही: 2016 मध्ये तो ‘रेबल्स’ या ॲनिमेशन मालिकेत परतला आणि 2023 मध्ये ‘अहसोका’ या मालिकेत हाडामांसाचा होऊन आला. मिम्बनही 2018 च्या ‘सोलो’ सिनेमात चिखलासकट दिसला. अधिकृतच हवं असेल तर या दोघांना सोडा आणि क्लॉडिया ग्रे यांचं ‘ब्लडलाइन’ (2016) घ्या. त्यात लेया सिनेटर आहे आणि आपला बाप कोण हे साऱ्या जगासमोर उघडं पडल्यावर तिचं राजकारण कसं ढासळतं याची ती कथा आहे. लढाया कमी, सभागृह जास्त. मला आवडलं, पण पंधरा वर्षांच्या मुलाला देणार नाही.

भाच्याला मी झान सांगितलं. सिनेमा संपल्यावर “मग पुढे काय झालं?” हा प्रश्न असेल तर उत्तर तिथे आहे. फॉस्टर नंतर, चवीपुरता, गोष्ट कुठल्या वेगळ्या वाटेने जाऊ शकली असती ते बघायला. त्याने ऐकून घेतलं आणि बारीक आहे म्हणून फॉस्टरच उचललं.

परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: “मामा, ही दोघं भाऊ-बहीण आहेत ना???”