पहिला कवितासंग्रह: पिनची पुस्तिका की बांधीव पुस्तक?

क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एमए करणाऱ्या भाचीने विचारलं, वीसेक कविता आहेत, पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जाऊन सरळ पुस्तकच छापून घेऊ का? खर्चात पुस्तिका परवडते गं, डिजिटल छपाईत २५ प्रतीही निघतात, फक्त कागद मधे दुमडून पिन मारतात म्हणून पानं ४च्या पटीत ठेव. पुस्तक ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून करतात त्या छपाईत, कमी छापलं की एकेक प्रत महाग पडते, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नकोस. टिकायला मात्र पुस्तकच, माझ्याकडच्या एका पुस्तिकेची पिन गंजून मधलं पान सुटलंय आणि नेमकी त्यावरचीच कविता मला सगळ्यात आवडते. प्रूफं दोन्हीकडे तपासावी लागतात. साठच्या दशकात आपल्या लघुअनियतकालिकांनी, म्हणजे कवी-लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांनी, सायक्लोस्टाइलवरसुद्धा (स्टेन्सिलवरून काढलेल्या साध्या प्रतींवर) नवी कविता पोचवली. आत्ता मित्रांना, काव्यवाचनात द्यायचंय तर पुस्तिका काढ. साठेक कविता पक्क्या झाल्या, लायब्ररीत ठेवायच्या असल्या, तर पुस्तक.